सिद्धेश्वर तळ्याचं पाणी गेममध्ये: कमी खर्चात खरी वाटणारी प्रतिबिंबं

आमच्या गेममधलं सोलापूरच्या सिद्धेश्वराचं तळं पहिल्यांदा फोनवर चालू झालं, तेव्हा मी तो फोन आत्याच्या हातात दिला. मधोमध देऊळ, पलीकडे भुईकोट किल्ल्याची भिंत, संध्याकाळचं आभाळ आणि पाण्यात या सगळ्याचं लख्ख प्रतिबिंब. आत्यानं क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "हे पाणी व्हय? फरशी पुसल्यागत दिसतंय की रे." थोड्या वेळात फोन तापला, चित्र अडखळायला लागलं. फोनच्या ताकदीचा मोठा वाटा प्रतिबिंबावर गेला होता आणि पाणी काही हाती लागलं नव्हतं.

ते तळं दुरुस्त करताना जे शिकलो, ते इथे क्रमानं मांडतो. गेम बनवायचं इंजिन म्हणून तुम्ही युनिटी वापरा, अनरियल वापरा किंवा गोडो. बटणांची नावं बदलतात, हिशेब तोच राहतो. थोडंफार शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) लिहिता येतं आणि प्रोफाइलर (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) उघडता येतो, एवढं गृहीत धरलं आहे.

आधी तळ्यावर जाऊन बसा

ही पायरी गाळू नका. दिवेलागणीला तळ्याच्या काठावर बसा आणि पायाजवळच्या पाण्याकडे बघा. तिथे प्रतिबिंब जवळजवळ नसतं. पाण्याचा हिरवट रंग दिसतो, बुडालेली पायरी दिसते. नजर हळूहळू पुढे न्या. जसजसं लांब बघाल तसतसं आभाळ आणि देऊळ पाण्यात गडद होत जातं.

मग उठून उभे राहा. पाण्यातलं देऊळ बदलतं. पाण्यातलं देऊळ म्हणजे वरच्या देवळाचा उलटा फोटो नव्हे. पाण्याखाली तुमच्याइतक्याच खोलीवर एक डोळा असता आणि त्यानं वर पाहिलं असतं, तर जे दिसलं असतं ते. म्हणून छज्ज्याची खालची बाजू वर नीट दिसत नाही, पण पाण्यात दिसते. नुसतं चित्र उलटं करून चिकटवलं की काहीतरी खोटं वाटतं, ते यामुळेच. कॅमेरा हलणारच नसेल तर ते खोटं खपून जातं, आणि तसा गेम असेल तर खुशाल उलटं चित्र वापरा.

तिसरी गोष्ट पलीकडच्या काठावरच्या दिव्यांची. गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत, काठ उजळलेला असतो तेव्हा हे फार छान दिसतं. वर दिवा ठिपक्याएवढा, पाण्यात त्याची लांबच लांब उभी पट्टी. आडवी ती फारशी पसरत नाही.

आणि चौथी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. भिंत जिथे पाण्याला टेकते तिथे वस्तू आणि प्रतिबिंब यांचा जोड पक्का असतो. गेममध्ये हा जोड बोटभर जरी सुटला तरी खेळणाऱ्याला लगेच खटकतं. उलट, काठावरच्या झाडाच्या निम्म्या फांद्या प्रतिबिंबातून गायब केल्या तरी कोणी विचारत नाही. डोळा जोड तपासतो, कोन तपासतो आणि हालचाल तपासतो. तपशील मोजत बसत नाही. पुढची सगळी काटकसर याच जागेतून निघते.

खर्चाची वही

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० हव्या असतील तर ३३.३३. त्यात खेळाचं लॉजिक, सावल्या, माणसं, सगळंच बसवायचं. म्हणून देखाव्यातल्या चकाकणाऱ्या गोष्टींची यादी करा. आमच्याकडे तळं होतं, नवी पेठेतल्या चादरीच्या दुकानाची गुळगुळीत फरशी आणि काचेचं शोकेस होतं, पितळी समई होती, पावसानं ओला झालेला रस्ता होता. प्रत्येकीपुढे तीन प्रश्न लिहा: पृष्ठभाग सपाट आहे का, पडद्याचा मोठा भाग व्यापतो का, आणि खेळणारा तिथे थांबून बघतो का. तिन्हींचं उत्तर "हो" असलेली गोष्ट आमच्या यादीत एकच निघाली, ती म्हणजे तळं. महागडं तंत्र फक्त तिथे वापरायचं ठरलं.

पाया: क्यूबमॅप

सभोवतालचं दृश्य आधीच चित्रात साठवायचं आणि चकाकणाऱ्या वस्तूनं त्यातून रंग उचलायचा, ही कल्पना ब्लिन आणि न्यूवेल यांनी १९७६ साली मांडली. आज तिचं नेहमीचं रूप म्हणजे सहा बाजूंचा क्यूबमॅप. इंजिनात रिफ्लेक्शन प्रोब म्हणतात तो हाच.

शेडरमधलं काम एका ओळीचं आहे. नजरेची दिशा द, पृष्ठभागाचा नॉर्मल (त्याला काटकोनात असलेली दिशा) न, तर परावर्तित दिशा र = द − २(न·द)न. त्या दिशेला क्यूबमॅपमध्ये जो रंग असेल तो घ्यायचा. पृष्ठभाग खरखरीत असेल तर वरच्या, म्हणजे पुसट मिपमधून घ्यायचा (मिप म्हणजे त्याच चित्राच्या लहान होत गेलेल्या प्रती). या मिपपातळ्या रफनेसप्रमाणे (खरखरीतपणाप्रमाणे) आधीच गाळून ठेवण्याची जी पद्धत एपिक गेम्सच्या ब्रायन कॅरिस यांनी २०१३ च्या सिग्राफ परिषदेत मांडली, ती आता बहुतेक इंजिनांत या ना त्या रूपात असते. तुम्हाला फक्त प्रोब बेक करायचा, म्हणजे आधीच काढून साठवायचा असतो.

मेमरीचा हिशेब मात्र स्वतः करा. १२८ पिक्सेल बाजूचा क्यूबमॅप, सहा बाजू, पिक्सेलला ८ बाइट: ७६८ केबी, मिप धरून १ एमबी. बाजू २५६ केली की तोच ४ एमबी होतो. समई आणि ओल्या रस्त्याला १२८ पुरेसा झाला. प्रोब फ्रेमगणिक ताजा करण्याचा मोह टाळा, कारण त्यात देखावा सहा वेळा काढावा लागतो. दिवसाचा उजेड बदलत असेल तर एका फ्रेममध्ये एकच बाजू काढून काम वाटून घ्या.

दुकानासारख्या बंद खोलीत साधा प्रोब फसतो. तो भिंती अनंत अंतरावर आहेत असं मानतो, त्यामुळे चालताना फरशीतलं कपाट पायांबरोबर सरकत येतं. यावर बॉक्स प्रोजेक्शन वापरा. खोलीच्या मापाचा एक अदृश्य खोका ठरवायचा, फरशीवरच्या बिंदूपासून परावर्तित किरण त्या खोक्याला कुठे भिडतो ते काढायचं, आणि प्रोबच्या मध्यापासून त्या भिडलेल्या जागेकडे जाणारी दिशा क्यूबमॅपला द्यायची. शेडरच्या चार-पाच ओळी जास्त, पण कपाट जागच्या जागी उभं राहतं. खोका भिंतींना नीट टेकवा. तो वीतभर बाहेर राहिला तरी जोड सुटतो.

आत्या जे म्हणाली त्यावरचा उपाय

पाणी फरशीसारखं दिसत होतं, कारण सगळीकडे प्रतिबिंब सारखंच होतं. कोनानुसार ते कमीजास्त करणाऱ्या नियमाला फ्रेनेल म्हणतात आणि गेममध्ये त्यासाठी श्लिक यांचं १९९४ चं सोपं सूत्र चालतं: परावर्तन = क + (१ − क) × (१ − कोसाइन)चा पाचवा घात. कोसाइन हा नजर आणि नॉर्मल यांच्यातल्या कोनाचा. क म्हणजे सरळ वरून बघितल्यावरचं परावर्तन. पाण्याचं ते ०.०२, म्हणजे अवघे २ टक्के.

हे आकडे तळ्याच्या काठावर ठेवून बघा. डोळा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल तर अडीच मीटरवरचं पाणी साधारण ५ टक्के परावर्तन देतं, साडेआठ मीटरवरचं ४० टक्के, आणि १७ मीटरवरचं ६४ टक्के. उरलेला वाटा पाण्याच्या स्वतःच्या रंगाचा. पायाजवळ हिरवट आणि लांबवर आरसा, हे जे काठावर बसून दिसलं होतं, ते या एका सूत्रातून येतं, आणि त्याला जीपीयूचा (चित्र काढणाऱ्या चिपचा) खर्च नगण्य आहे. ही एक ओळ घातल्यावर आत्याला परत दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आता पाय घालावंसं वाटतंय."

तळ्यासाठी आरसा-कॅमेरा

आता महागडं काम. तळं सपाट आहे, त्यामुळे पाण्याखाली दुसरा कॅमेरा ठेवून देखावा पुन्हा एकदा काढता येतो. याला प्लेनर रिफ्लेक्शन म्हणतात. प्रतिबिंब तंतोतंत मिळतं, पण ड्रॉ कॉल (जीपीयूला दिलेले चित्र काढण्याचे हुकूम) जवळपास दुप्पट होतात. आमचा फोन तापला तो इथेच, म्हणून ही पायरी सावकाश करा.

पाण्याची पातळी ह असेल तर प्रत्येक बिंदूची उंची उ बदलून २ह − उ करायची. बाकी दोन अक्ष तसेच. पाणी १ मीटरवर आणि कॅमेरा ४ मीटरवर असेल तर आरसा-कॅमेरा −२ वर जातो. हे काम मॅट्रिक्सनं करा: मूळ कॅमेऱ्याच्या व्ह्यू मॅट्रिक्सला (कॅमेऱ्याची जागा आणि दिशा सांगणाऱ्या) हे परावर्तन जोडा. असं केलं की तळ्याचा पिक्सेल पडद्यावर जिथे आहे, प्रतिबिंबाच्या टेक्स्चरमध्येही त्याच जागी वाचता येतो. कॅमेराच फिरवून खाली ठेवलात तर चित्र उलटं येतं आणि मग चिन्हांच्या गोंधळात संध्याकाळ जाते.

परावर्तनामुळे त्रिकोणांची दिशा उलटते. मागची पृष्ठं गाळण्याचा नियम या पासपुरता (देखावा काढण्याच्या या एका फेरीपुरता) उलटा करा, नाहीतर देवळाच्या भिंती आतून दिसतील. युनिटीत त्यासाठी जीएल इन्व्हर्ट कलिंग आहे. पास संपला की तो परत सरळ करायला विसरू नका.

आरसा-कॅमेरा पाण्याखाली असल्यानं त्याच्या आणि देवळाच्या मध्ये बुडालेल्या पायऱ्या, तळाची जमीन, सगळं येतं. ते छाटण्यासाठी कॅमेऱ्याचं जवळचं प्रतलच पाण्याच्या पातळीवर तिरकं बसवतात. एरिक लेंगेल यांनी मांडलेली ही युक्ती प्रोजेक्शन मॅट्रिक्स बदलते, त्यामुळे शेडरमध्ये काही घालावं लागत नाही. शेडरमध्ये पिक्सेल टाकून देण्याचा दुसरा मार्ग आहे, पण फोनच्या जीपीयूवर तो टाळा. त्यानं झाकलेले पिक्सेल आधीच गाळण्याची त्यांची सोय बिघडते. छाटणीचं प्रतल पाण्याच्या किंचित खाली ठेवा, काही सेंटीमीटर पुरतात. लाटांनी प्रतिबिंब हलवलं की काठाशी फट पडते, ती या जास्तीच्या पट्टीनं बुजते. किल्ल्याच्या भिंतीचा जोड आम्हाला असाच मिळाला.

इथपर्यंत प्रतिबिंब बरोबर येतं. आता ते स्वस्त करायचं.

पहिली कात्री रिझोल्यूशनला. १६०० × ७२० च्या पडद्यावर ११,५२,००० पिक्सेल असतात. ८०० × ३६० मध्ये २,८८,०००, म्हणजे चौथा हिस्सा. पाणी हलतं असल्यामुळे हा फरक दिसत नाही.

दुसरी कात्री वस्तूंना, आणि खरी बचत इथे आहे. आरसा-कॅमेऱ्याला वेगळा लेयर द्या. आमच्या यादीत देऊळ, भिंत, मोठी झाडं आणि आभाळ राहिलं. गवत, दगड, पायऱ्यांवरची भांडी, लांबची माणसं गेली. झाडांची सर्वात साधी एलओडी (कमी तपशिलाची प्रत) वापरली. खेळणारा काठाजवळ येईल तेवढ्यापुरतीच त्याची आकृती यादीत येते. सावल्यांचे नकाशे दुसऱ्यांदा काढू नका, पोस्ट-प्रोसेसिंग बंद ठेवा, पारदर्शक कण वगळा. इंजिनं या गोष्टी गुपचूप चालू ठेवतात, म्हणून फ्रेम डीबगर उघडून आरसा-पासात नेमकं काय काढलं जातंय ते एकेक ओळ वाचा. आमच्या पासात सावल्यांचा सगळा खटाटोप पुन्हा होत होता आणि मला आठवडाभर त्याचा पत्ता नव्हता.

तिसरी कात्री वेळेला. तळं नजरेत नसेल तर पास पूर्ण वगळा. लांबून तळ्याची नुसती पट्टी दिसत असेल तर त्या पट्टीपुरताच आयत काढा. प्रतिबिंब एकाआड एक फ्रेमला ताजं केलं तरी चालतं, पण त्यात एक खाच आहे: कॅमेरा वळला की जुनं प्रतिबिंब मागे ओढल्यासारखं दिसतं. उपाय असा की प्रतिबिंब काढलं त्या वेळचं मॅट्रिक्स जपून ठेवायचं आणि पाण्याच्या बिंदूची टेक्स्चरमधली जागा त्या जुन्या मॅट्रिक्सनं काढायची, आताच्या पडद्यावरच्या जागेनं नव्हे. मग ओढ जवळजवळ जाते. कडेला रिकामी जागा दिसू नये म्हणून आरसा-कॅमेऱ्याचा आवाका थोडा रुंद ठेवा.

फोनवर आणखी एक पथ्य: हा पास मुख्य चित्र सुरू होण्याआधी पुरता उरका. मोबाईलचे जीपीयू चित्र लहान चौकटींत काढतात. मध्येच दुसऱ्या टेक्स्चरवर उडी मारली की अर्धवट चित्र मेमरीत नेऊन परत आणावं लागतं, आणि तिथे बॅटरीही जाते आणि वेळही.

लाटा आणि दिव्यांच्या पट्ट्या

आता नॉर्मल मॅपनं (पृष्ठभागाचे बारीक उतार साठवलेल्या चित्रानं) प्रतिबिंब हलवा. बहुतेक जण आडवं आणि उभं सारखंच हलवतात आणि पाणी जेलीसारखं दिसतं. काठावर दिसलेली उभी पट्टी आठवा. लांबच्या पाण्याकडे आपण जवळजवळ आडव्या नजरेनं बघतो, तिथे लाट जराशी कलली तरी प्रतिबिंब उभ्या दिशेत खूप सरकतं, आडव्या दिशेत थोडंच. म्हणून उभं सरकणं आडव्याच्या चार-पाच पट ठेवून सुरुवात करा आणि डोळ्यानं ठरवा. काठाजवळ डेप्थ (पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर) वापरून हे हलणं शून्याकडे न्या, म्हणजे भिंतीचा जोड हलणार नाही.

पलीकडच्या काठावरचे दिवे तर आरसा-पासात घेऊच नका. प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाच्या जागी एक उभा, अरुंद, चमकता चौकोन ठेवा, रंग बेरजेनं मिसळा आणि त्याच नॉर्मल मॅपनं तो तुटक करा. सगळे दिवे एका ड्रॉ कॉलमध्ये बसतात. गड्ड्याच्या देखाव्यातलं पाणी मला आज सगळ्यात जास्त आवडतं, आणि त्यातला बराचसा भाग या साध्या चौकोनांचा आहे.

दुकानाची फरशी: जुनी युक्ती

बॉक्स प्रोजेक्शननं दुकानाचं काम भागतं, पण चादरींच्या घड्या फरशीत स्पष्ट हव्या असतील तर १९९० च्या दशकातली युक्ती अजून उपयोगी पडते. फरशीच्या खाली कपाटांची आणि घड्यांची उलटी प्रत खरोखरच मांडायची आणि वरची फरशी किंचित पारदर्शक करायची. १९९६ च्या सुपर मारिओ ६४ मधली आरशाची खोली अशीच दुसरी खोली मांडून बनवली आहे. वेगळं टेक्स्चर नाही, वेगळा कॅमेरा नाही. खोली लहान आणि सामान स्थिर असेल तरच हे परवडतं. गिऱ्हाईक चालत असेल तर त्याची साधी उलटी आकृती बरोबर चालवावी लागते. उजेड आधीच बेक करा, नाहीतर खालच्या प्रतीवर तो वेडावाकडा पडतो.

स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन कुठे, कुठे नाही

स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शनमध्ये (एसएसआर) पडद्यावर आधीच काढलेल्या चित्रातूनच प्रतिबिंब उचलतात. पिक्सेलपासून परावर्तित किरण पावलापावलानं पुढे न्यायचा, दर पावलाला त्याची खोली डेप्थ बफरशी ताडायची, आणि तो पृष्ठभागाच्या मागे गेला की तिथला रंग घ्यायचा. पृष्ठभाग उंचसखल असला तरी चालतं, ड्रॉ कॉल वाढत नाहीत. संगणकावरच्या आवृत्तीत ओल्या रस्त्याला आम्ही हेच वापरतो: अर्ध्या रिझोल्यूशनला, सुरुवातीला २४ पावलं, आणि भिडल्यावर मागची-पुढची जागा निम्मी निम्मी करत चार वेळा बारीक करणं. पावलांची सुरुवात पिक्सेलगणिक थोडी मागेपुढे केली की पट्टे दिसत नाहीत, त्यांची बारीक वाळू होते, आणि ती मागच्या फ्रेमांशी मिसळून विरते.

तळ्याला मात्र हे लावू नका. खेळणारा पाण्याकडे मान झुकवतो, शिखर पडद्याच्या वर निघून जातं, आणि पडद्यावर नसलेलं एसएसआरला माहीतच नसतं. नेमकं बघायला वाकावं तर प्रतिबिंबातलं शिखर पुसलं जातं. रस्त्यावरही पडद्याच्या कडेला प्रतिबिंब हळूहळू विरवा आणि खाली क्यूबमॅपचा पाया ठेवा, म्हणजे किरण चुकला तरी भोक पडणार नाही. डेप्थ बफर वस्तूची जाडी सांगत नाही, म्हणून जाडीची मर्यादा तुम्हीच घाला. ती नसेल तर विजेच्या खांबामागे लांब काळे डाग ओघळतात.

रे ट्रेसिंगबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचं डीएक्सआर (रे ट्रेसिंगची प्रणाली) आणि एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डं २०१८ साली आली आणि तेव्हापासून गेममध्ये खरे किरण सोडणं शक्य झालं. शोकेसची काच आणि पितळी समई यांना ते शोभतं. गुळगुळीत पृष्ठभागांनाच किरण द्या, एका रफनेसनंतर क्यूबमॅपवर या, पिक्सेलला एकच किरण सोडा आणि डीनॉइझरवर (दाणेदारपणा पुसणाऱ्या गाळणीवर) भर द्या. साध्या फोनसाठी बनवत असाल तर हा सगळा परिच्छेद बाजूला ठेवा.

चाचणी, तीही उन्हात

चार्जरला लावलेल्या, पंख्याखालच्या फोनवर मोजलेला आकडा आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टिकत नाही. सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि सकाळी बसलेलं गणित दुपारी विस्कटतं. म्हणून स्वस्तातला फोन घ्या, दुपारी दोन वाजता, पंखा बंद, चार्जर काढून. तळ्याभोवती पूर्ण फेरी घालेल असा एक ठरलेला कॅमेरामार्ग करा आणि तो २० मिनिटं सलग चालवा. पहिल्या मिनिटाचा नव्हे, शेवटच्या पाच मिनिटांचा फ्रेम-वेळ वहीत लिहा. मग आरसा-पास बंद करून, फोन गार झाल्यावर, तीच फेरी पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या प्रतिबिंबाची खरी किंमत.

ती जास्त निघाली तर कात्री याच क्रमानं लावा: आधी लेयरमधल्या वस्तू, मग एकाआड एक फ्रेम, आणि सगळ्यात शेवटी रिझोल्यूशन आणखी कमी. प्रत्येक वेळी फेरीतली एक जागा थांबून बघा, किल्ल्याची भिंत पाण्याला टेकते ती. तिथला जोड शाबूत असेल तर पुढची वस्तू काढून टाका.